पोटखराब रान

दौंडच्या रेल्वे शेडमध्ये डब्याखालच्या बॅटऱ्यांत पाणी भरत मी उकिडवा बसलो होतो. सकाळचे नऊ-साडेनऊ झाले असतील. शिरूरच्या एस.टी.चा कंडक्टर रूळ ओलांडून माझ्याकडेच येताना दिसला, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे मी ओळखलं. एरवी मामाचा निरोप असला तर तो स्टँडवरूनच कुणाच्या तरी हाती धाडून देतो. जवळ येऊन तो म्हणाला, "मिशनच्या बाई गेल्या. तुमच्या मामानं सांगाया लावलंय. सांच्याला चारला माती हाय, दत्ताला म्हनावं कसंबी करून ये." मी हातातलं भांडं खाली ठेवलं. सांगायला लाज वाटते, पण खोटं लिहायचं नाही असं ठरवूनच बसलोय, तेव्हा सांगून टाकतो. माझ्या मनात पहिला विचार बाईंचा आला नाही. आला तो घोडनदीच्या काठावरल्या त्यांच्या सव्वा एकराच्या तुकड्याचा. आता त्याचं काय होणार?

याला कारण होतं. दोनच महिन्यांपूर्वी मी त्यांना भेटलो होतो. शिरूरला मिशनच्या आवारात, कौलारू शाळेमागच्या त्यांच्या दोन खोल्यांत. प्रोजेक्टरला तेल द्यायला बोलावलं होतं. वर्षभरात सिनेमाचा एकही खेळ झाला नव्हता, तरी बाईंचा हुकूम कायम होता की यंत्राला गंज चढता कामा नये. मी पेटीवर वाकून काम करत होतो आणि त्या खुर्चीत बसून माझ्या हातांकडं बघत होत्या. खूप वाळल्या होत्या. मधेच म्हणाल्या, "दत्ता, माझ्यामागं त्या जागेचं तू बघशील ना?" मी मान वर न करता म्हणालो, "बघू." फिटर माणूस 'बघू' म्हणतो तेव्हा ते काम होत नसतं, हे बाईंनाही ठाऊक होतं. चहा झाला, मी पाच वाजताची गाडी पकडली... तेच शेवटचं.

रूथबाई मिशनच्या शाळेत पस्तीस वर्षं शिकवत होत्या. लग्न केलं नाही. वडील मिशनच्या सुतारकामाच्या कारखान्यात मेस्त्री होते, त्यांनी हयातभर राबून नदीकाठचा तो तुकडा घेतला आणि लेकीच्या नावावर केला. उंचीनं लहान, आवाज मात्र असा की मैदानाच्या या टोकाला 'हात खाली' म्हटलं की त्या टोकाची मुलं हात खाली करत. नवखा माणूस त्यांना घाबरायचा. मीही घाबरलो होतो. माझी त्यांची गाठ पडली ती त्या सिनेमामुळं. मिशनचे म्हातारे साहेब कायमचे मायदेशी परत निघाले, तेव्हा जाताना एक लहान प्रोजेक्टर, पेट्रोलवर चालणारं लाइटचं इंजिन आणि फिल्मचे तीन डबे शाळेला देऊन गेले. इंजिन काही केल्या सुरू होईना. माझं आजोळ शिरूरच्या खाली नदीकाठी, आणि तिथला माझा सखाराममामा म्हणजे बाईंच्या तुकड्याचा बांधाला बांध लागून असलेला शेजारी. त्यानं परस्पर सांगून टाकलं, "आमचा भाचा रेल्वेत इजेचं काम करतो, तो लावील चालू." तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. रजेच्या दिवशी गेलो, इंजिन लावून दिलं, आणि पुढची दहा-बारा वर्षं तिथून सुटलो नाही. मी यंत्र चालवायचं आणि बाईंनी बोलायचं, अशी आमची जोडी ठरून गेली.

तीन डब्यांतला एक माश्या आणि पटकी यांच्यावरचा होता. दुसरा धर्माचा. आणि तिसरा... तिसऱ्यावर काय लिहावं हे बाईंनाही सुचलं नव्हतं, म्हणून त्या डब्यावर त्यांनी नुसतं 'होडी' असं खडूनं लिहिलं होतं. त्यात गोष्ट अशी काहीच नाही. कुठल्यातरी थंड मुलखात दोन माणसं एक निमुळती, हलकी होडी घेऊन निघतात. नदीतून तळ्यात, तळ्यातून पुन्हा नदीत. दोन्ही काठांना झाडीच झाडी, माणसाचं नाव नाही. खडकाळ पाणी आलं की उतरतात, होडी पालथी करून डोक्यावर घेतात आणि पुढच्या पाण्यापर्यंत चालत जातात. शिंगाळं जनावर पाणी पिताना दिसलं की वल्हं थांबवून बघत बसतात. किटलीत चहा करतात. पुन्हा निघतात. पाऊण तास हेच. मागून एक साहेब इंग्रजीत बोलत असतो. बाई आवाज बारीक करायला लावायच्या आणि बांबूची छडी घेऊन पडद्याच्या बाजूला उभ्या राहून त्याचं मराठी सांगायच्या. आदल्या आठवड्यात वहीत सगळं लिहून काढलेलं असायचं, खेळाच्या वेळी वही उघडायच्या नाहीत. मला इंग्रजी वायरिंगपुरतं येतं, त्यामुळं त्या खरं सांगतात की पदरचं घालतात हे मला कधी कळलं नाही. कळून घ्यावं असंही वाटलं नाही.

पहिला खेळ माझ्याच गावी, वरवंडला झाला. मीच हट्टानं नेला होता, जरा भाव खायला म्हणून. देवळापुढच्या पटांगणात दिवेलागणीनंतर पडदा बांधला. माश्यांचा सिनेमा लोकांनी मुकाट्यानं बघितला. मग होडी लागली आणि लोक बोलायला लागले. होडी डोक्यावर घेऊन माणसं चालू लागली तेव्हा तर हसून हसून पुरेवाट. "आत्तापतुर मानूस होडीवर व्हता, आता होडी मानसावर बसली!" एक लठ्ठ, दाताळ जनावर लाकडं ओढून ओढ्याला बांध घालताना दिसलं, तेव्हा कुणीतरी ओरडलं, "आरं ह्यो तर बंडिंगचा मुकादम!" बाईही हसल्या. मग त्यांनी छडी उचलून काठावरच्या झाडीकडं नेली आणि आपल्या शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "हे सारं रान आहे. दोनशे मैल रानच रान."

झालं. पुढं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कुनाचं रान हाय ते, बाई?"

आमच्याकडं रान म्हणजे शेत. माणूस रानात गेलाय म्हणजे खुरपायला गेलाय, नाहीतर पाणी धरायला. म्हाताऱ्यानं सरळ प्रश्न विचारला होता आणि त्याला सरळ उत्तर हवं होतं. बाई म्हणाल्या, "कुणाचंच नाही." पटांगणात अशी काही शांतता पसरली की मला इंजिन बंद पडल्यासारखं वाटलं. मग म्हातारा म्हणाला, "कुनाचंच न्हाई आसं रान असतंय व्हय? दोनशे मैल?" दुसरा म्हणाला, "आन् ही दोघं कुठं कामाला चालल्याती?" बाई म्हणाल्या, "कुठंच नाही." "मंग वल्हवत्याती कशापायी?" बाईंनी छडी पुढच्या चित्राकडं नेली. परतताना बैलगाडीत मात्र मला म्हणाल्या, "दत्ता, किती चांगलं विचारलं रे त्यांनी. साहेबाच्या त्या इंग्रजी शब्दाला आमच्या बायबलात अरण्य म्हटलंय. पण अरण्य म्हटलं की लोकांना वाघ आणि वनवास आठवतो. रान म्हटलं की ज्वारी. मधला शब्दच नाही आपल्याकडं." मी मनात म्हटलं, नसेना का, त्यावाचून कुणाचं अडलंय! तेव्हा मी असा होतो. अजूनही फारसा सुधारलेलो नाही.

त्या सिनेमात एक जागा अशी होती की तिथं मागचा साहेबही बोलायचा थांबतो. माणसं वल्ही आत घेतात आणि होडी आपली आपण वाहत राहते. काठ सरकत जातो. एवढंच. तिथं बाईही छडी खाली करायच्या. चुळबुळ सुरू व्हायची, "बाई, बोला की." त्या नुसता हात वर करायच्या, शाळेत करायच्या तसा. दोन बिड्या ओढून होतील एवढा वेळ कुणी बोलायचं नाही. गावोगाव मी ते बघितलं. कारेगावला एकदा कडेवरचं तान्हं मूलसुद्धा रडायचं थांबलं होतं. आता योगायोग असेल तो... पण मी तिथं होतो आणि मला तो आठवतो.

बाईंचा तो तुकडा मी पहिल्यांदा बघितला तेव्हा खरंच चिडलो होतो. नदीला तिथं ओढा मिळतो, त्या बेचक्यात सव्वा एकर. बाभळी, करंज, काठाला वाळुंजाची दाटी, खाली निरगुडी. बाभळीच्या फांद्यांना पाण्यावर लोंबणारी सुगरणींची घरटी, पंचवीस-तीस तरी. एका खडकावर कायम एक ढोकरी बगळा असा बसलेला, की बाई त्याला 'हेडमास्तर' म्हणायच्या. बाई रविवारी प्रार्थना उरकली की छत्री घेऊन तिथं जायच्या आणि एका करंजाखाली बसायच्या. बसायच्या म्हणजे काय करायच्या? काही नाही, बसायच्या. मी शेतकऱ्याचा पोर. नदीकाठची काळी माती, आणि त्यात बाभळी! मी म्हणालो, "बाई, साफ करा. मामाला वाट्यानं लावा. वर्षाचं धान्य घरी येईल." त्या म्हणाल्या, "मला एकटीला किती धान्य लागतं रे?" मग हसून म्हणाल्या, "तुला एक गंमत सांगते. परवा तलाठ्याकडं उतारा काढायला गेले होते. जो भाग पेरता येत नाही, ओढा, खडक, झाडोरा, त्याला त्यांच्या कागदात काय म्हणतात ठाऊक आहे? पोटखराब! माझा अख्खा तुकडा त्यात. मी इतकी वर्षं शब्द शोधत होते आणि तो तलाठ्याच्या दप्तरात निघाला." कितीतरी वेळ त्या एकट्याच हसत होत्या. मला हसू आलं नाही. पोटखराब म्हणजे आमच्या घरी नाक मुरडायची गोष्ट होती.

मामाचं लक्ष त्या तुकड्यावर होतंच. तो काही वाईट माणूस नव्हे. सोसायटीत वजन असलेला, कष्टाळू, घेतलेलं काम तडीस नेणारा. पण पडीक जमीन बघितली की त्याला खाज सुटायची. त्याला नदीवर ऑइल इंजिन बसवायचं होतं आणि इंजिनाला सोयीची जागा बाईंच्या बाभळींखाली. भाद्रपदाचे दिवस होते. मी आजोळी गेलो होतो. मामा जेवता जेवता म्हणाला, "दत्ता, बाईंचं ते रान हाय न्हवं, त्याचं काय करनार हाईत त्या? कुनाच्या उपेगाचं हाय का ते?" आदल्या दिवशीच बाईंशी माझी याच गोष्टीवरून थोडी वादावादी झाली होती. मी तणतणतच होतो. भाकरीचा तुकडा मोडत मी म्हणालो, "ते? ते कुणाचंच नाही!" सिनेमातलं वाक्य मी बाईंच्याच आवाजात, नक्कल करून म्हणालो. मामी हसली. मामा हसला नाही. त्यानं ते ऐकून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दौंडला परतायच्या तयारीत असताना कुऱ्हाडीचे आवाज आले. बघतो तर पाण्यालगतच्या पाच बाभळी आडव्या. घरटी पाण्यात, चिखलात. मी धावत शिरूरला गेलो की नाही? नाही गेलो. माझी हिंमत झाली नाही. पण कुणीतरी बाईंना सांगितलंच, आणि त्या शाळा सोडून तीन मैल चालत आल्या. चिखलात उतरून घरटी गोळा करायला लागल्या. काहींत पिल्लं होती. लुगड्याचा काठ बरबटलेला, ओचा घरट्यांनी भरलेला, आणि सुगरणी डोक्यावर नुसता कालवा करतायत... मला ते आजही बघवत नाही. सगळं वेचून झाल्यावर त्या मामापुढं उभ्या राहिल्या. "सखारामराव, कुणाला विचारलंत?" मामा गोंधळला. त्याला खरोखर वाटत होतं की त्यानं विचारलंय. तो म्हणाला, "आवं, तुमच्या दत्तानंच तर सांगितलं, कुनाचंच न्हाई म्हून. मग म्हनलं..."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. त्या मला बोलल्या असत्या, थोबाडीत मारली असती, तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "यात तुझी चूक नाही, दत्ता. माझं भाषांतर चुकलं." आणि घरटी घेऊन गेल्या. त्यातली किती पिल्लं जगली मी विचारलं नाही.

महिन्याभरानं आजोळीच देवळासमोर खेळ ठरला. मला वाटलं होतं बाई आता त्या गावात पाऊल टाकणार नाहीत. त्या आल्या. मामा पुढच्या रांगेत घोंगडीवर बसला होता, सोसायटीचा माणूस म्हणून मागं बसता येत नव्हतं. होडी लागली. काठावरची झाडी आली, बाई म्हणाल्या, "हे सारं रान आहे." आणि ठरल्यासारखा प्रश्न आला, "कुनाचं रान हाय ते?" सगळ्या गावाला बाभळींची हकिकत ठाऊक होती. लोक पडद्याकडं बघायचं सोडून मामाकडं बघायला लागले. बाई म्हणाल्या, "याचा मालक गावाला गेलाय."

"कवा येनार?"

"सांगून गेला नाही. कधीही येईल. तोवर आपण राखण करायची."

"हां, मंग बराबर हाय," म्हातारी माणसं एकमेकांना म्हणाली. गावाला गेलेल्याच्या रानात कोण कशाला शिरेल? शेजाऱ्यानं त्याच्या पिकावरची पाखरं हाकायची, ढोरं वळवायची, ही तर आमची रीतच. दोन बिड्यांची ती शांतता आली तेव्हा मी मामाकडं बघितलं. तो मान खाली घालून घोंगडीच्या दशा ओढत बसला होता. पुढं बाईंनी सगळीकडं हेच वाक्य ठेवलं. मालक कोण, हे त्यांनी कधीच फोड करून सांगितलं नाही. मी एकदा विचारलं, "तुमचा देव ना?" तर म्हणाल्या, "यंत्र बघ, वात करपल्याचा वास येतोय." वात नव्हतीच त्या यंत्राला.

मामानं चूक कबूल केली नाही. आयुष्यात कधी केली नाही, ती तेव्हाच कशाला करेल? पण इंजिन त्यानं बांधाच्या पलीकडं, अडचणीच्या जागी बसवलं आणि लांब पाइप टाकला. पुढच्या वर्षी पावसाळा सरता सरता मला निरोप आला, बाईंना घेऊन ये. गेलो तर मामा नदीकाठी उभा. पाण्यात गुऱ्हाळातली काहील तरंगत होती, उसाचा रस आटवायची ती भलीमोठी कढई. पूर आला की आमच्याकडं अडलेली माणसं तीतूनच पलीकडं न्यायची पद्धत आहे. मामा बाईंना म्हणाला, "लई वर्सं दुसऱ्याची होडी दावताय. एकदा बसा तरी पान्यात." बाईंनी चपला काढून माझ्या हातात दिल्या आणि लहान मुलीसारख्या आत जाऊन बसल्या. वर उघडलेली छत्री. दोन पोहणारे गडी दोन बाजूंनी धरून चालले. पण काहील ती काहील, तिला ना नाक ना शेपूट, ती गरागरा फिरायला लागली. छत्री फिरतेय, बाई फिरतायत, काठावर मामा ओरडतोय, "धरा रं, भवरा केलाय नुसता!" मला हसू आवरेना. तुकड्यासमोर पाणी संथ होतं. तिथं काहील हळूहळू थांबली. बाईंनी छत्री मिटली. पाण्यातून आपली जागा त्या पहिल्यांदाच बघत होत्या. तुटलेल्या बाभळींच्या बुंध्यांना नवे धुमारे फुटले होते, त्यांच्यावर घरटी नव्हती, पण मागच्या झाडांवर होती. हेडमास्तर खडकावर होते. बाईंनी हात वर केला, आणि गडीसुद्धा पाण्यात गळ्याएवढे उभे राहून गप्प झाले. मामाही. वर आल्यावर बाई एवढंच म्हणाल्या, "सखारामराव, वल्हं नसलं तरी चालतं." मला त्या दिवशी बाई फार आवडल्या. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, म्हणून इथं लिहितोय.

मग दिवस पालटले. गावोगाव वीज येऊ लागली, जत्रेत तंबूतले सिनेमे आले, नाचगाण्यांचे. फिल्म जुनी झाली, जागोजाग तुटायची. मी जोड देत गेलो आणि प्रत्येक जोडाला एखादं चित्र गळत गेलं. जनावर पाणी प्यायला वाकायचं आणि एकदम तोंड वर. "आटपलं वाटतं त्याचं," बाई म्हणायच्या. शांततेच्या जागेला मात्र मी जिवापाड जपलं. तिथं एकच जोड आहे, तोही दिसत नाही. बाई निवृत्त झाल्या, गुडघे गेले, रविवारचं नदीवर जाणं सुटलं. मामाचं इंजिन सुरू असलं की तो आवाज बाईंना मिशनच्या आवारापर्यंत ऐकू येतो असं त्या म्हणायच्या. तीन मैलांवरून ते शक्य नाही. पण माणसाला ऐकायचंच असलं तर ऐकू येत असेल.

चारच्या मातीला मी पोचलो. मिशनच्या कबरस्तानात शाळेतल्या जुन्या मुली, आता स्वतः आज्या झालेल्या, रडत होत्या. मामा फाटकाबाहेर टोपी हातात धरून उभा होता. आत यावं की नाही हे त्याला कळत नव्हतं. बाईंच्या भावाचा मुलगा मुंबईहून आला होता. भला माणूस, पण त्याला त्याच रात्रीची गाडी गाठायची होती. सगळं आटपल्यावर तो मामाशी बोलला, माझ्यासमोरच. "नदीकडच्या जागेचं तुम्हीच काय ते बघा, मला त्यातलं काही कळत नाही. सपाट करा, लावा, काय करायचं ते करा." मामानं मान हलवली. मी पुढं होऊन काही बोलायला हवं होतं. बाईंनी मलाच विचारलं होतं... पण कुठल्या हक्कानं बोलणार? मी त्यांचा कोण होतो? यंत्रवाला. परत जाताना मामा म्हणाला, "त्यो होडीचा पिच्चर हाय का अजून?" मी म्हणालो, "आहे. पण आता बोलणार कोण?" मामा टोपी डोक्यावर चढवत म्हणाला, "बाई गप बसायच्या तेवढा तरी दाव कवातरी."

दौंडला आल्यावर मला झोप लागेना. पाच आठवडे मी 'बघू, बघू' करत काढले. शेवटी परवाच्या रजेला उठून गेलो. मामाशी भांडायचं ठरवूनच गेलो होतो, वाक्यंसुद्धा जुळवली होती. नदीच्या वाटेला लागलो आणि ट्रॅक्टरची धडधड ऐकू आली. म्हटलं, उशीर झाला. करंजाच्या आडून बघितलं तर मामाच्या उसाच्या रानात सपाटीकरणाचा भाड्याचा ट्रॅक्टर उभा, काम उरकलेलं. ड्रायव्हर बाहेरगावचा पोरगा, पाणी पीत पलीकडच्या झाडीकडं बघत होता. मामा बांधावर, इकडं पाठ करून बसलेला. पोरगा म्हणाला, "आबा, ह्ये कुनाचं रान हाय? आलोच हाय तर ह्येबी काढून देतो. दोन तासाचं काम."

मामा वळलासुद्धा नाही. म्हणाला, "त्याला हात लावू नगं. मालकीनबाई गावाला गेल्यात."

"कवा येनार?"

"सांगून न्हाई गेल्या."

पोरानं तांब्या खाली ठेवला, ट्रॅक्टर सुरू केला आणि निघून गेला. मी पुढं झालो नाही. मी ऐकलंय हे मामाला कळलं असतं तर त्यानं ते कधी मान्य केलं नसतं, उलट मलाच चार शिव्या दिल्या असत्या. तो बांधावर पाठमोरा, मी इकडं करंजाखाली, बाई बसायच्या त्या जागी. घरट्यांत सुगरणींची ये-जा चालू होती. मी बिडी काढली, पण पेटवली नाही. दोन बिड्या होतील एवढा वेळ आम्ही दोघंही गप्प बसलो.